फटफटी पाळायची तर...

जुन्या ब्रिटिश वंशाच्या मोटारसायकलीची पारख, कागदपत्रे आणि निगा

आटपाडी : येथील बाजारात माडग्याळ जातीचा मेंढा पारखणारा माणूस आधी त्याचे नाक पाहतो. ते पोपटाच्या चोचीसारखे बाकदार असले, तरच पुढची बोलणी होतात. खरसुंडीच्या यात्रेत खिलार खोंड घेणारा शेतकरी जनावर चार पावले चालवून पाहिल्याशिवाय हातावर हात मारत नाही. जनावराच्या बाबतीत इतकी चोखंदळ असलेली ही माणसे जुनी मोटारसायकल घेताना मात्र टाकीच्या चकाकीवर आणि सायलेन्सरच्या आवाजावर भाळतात. वर्षभरात ती गाडी गोठ्याच्या कोपऱ्यात जाते, तिच्यावर कडब्याच्या पेंढ्या येतात आणि पुढच्या पिढीला ती भंगाराच्या भावाने विकावी लागते.

जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींविषयीचे आकर्षण गेल्या काही वर्षांत पुन्हा वाढले आहे. बंद पडलेली जुनी नावे नव्या मालकांच्या हाती येत आहेत. 'बीएसए' हे नाव २०१६ मध्ये महिंद्र समूहातील कंपनीने घेतले, 'नॉर्टन' २०२० मध्ये टीव्हीएसने विकत घेतली आणि 'ट्रायम्फ'च्या ४०० सीसी गाड्या २०२३ पासून पुण्याजवळच्या चाकण येथे बजाजच्या कारखान्यात तयार होऊ लागल्या. या नव्या गाड्यांना हमी असते, सेवा केंद्र असते. प्रश्न उरतो तो खऱ्या जुन्या गाडीचा. ती कोणती घ्यावी? आदर्श कोणती? मासिकांतील छायाचित्रे पाहून याचे उत्तर मिळत नाही. जी गाडी तिच्या मालकाला बिघाड झाल्यावरही त्याच दिवशी घरी पोहोचवू शकते, ती त्याच्यापुरती आदर्श, अशी कसोटी लावली तर लंडनमधील मालकाचे उत्तर वेगळे येईल आणि आटपाडीतील मालकाचे वेगळे.

युद्धाने आणलेल्या गाड्या

स्वातंत्र्यापूर्वी मोटारसायकल म्हणजे विलायती मोटारसायकल, असेच समीकरण होते. बीएसए, नॉर्टन, मॅचलेस, एरियल, ट्रायम्फ, रॉयल एन्फिल्ड ही नावे संस्थानिक, गोरे अधिकारी, मळेवाले आणि मोजके डॉक्टर-वकील यांच्या परिचयाची होती. दुसऱ्या महायुद्धाने चित्र पालटले. ब्रिटनच्या कारखान्यांनी लष्करासाठी मोठ्या संख्येने गाड्या तयार केल्या. बीएसएच्या 'एम-२०' या ४९६ सीसीच्या एकट्या नमुन्याची संख्या सव्वा लाखाच्या आसपास होती. नॉर्टनची 'सोळा-एच', मॅचलेसची 'जी-३ एल' आणि रॉयल एन्फिल्डच्या ३५० सीसीच्या गाड्या याच काळातील. युद्ध संपल्यावर अशा अनेक गाड्या लष्कराच्या विक्रीतून खासगी हातांत गेल्या. त्या काळी आटपाडी हा औंध संस्थानाचा भाग होता. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचेच नाव सांगली झाले. त्यामुळे जुन्या गाडीच्या कागदांवर दक्षिण सातारा असा उल्लेख आढळला, तर तो खोटा समजू नये.

या गाड्या आज दिमाखदार दिसतात. परंतु त्यांच्या मालकाला काय सोसावे लागते, हे जाणून घेतलेले बरे. त्यांचे नट-बोल्ट मेट्रिक मापाचे नाहीत. विटवर्थ आणि तत्सम जुन्या इंग्रजी मापांचे पाने त्यांना लागतात. साधा मिलिमीटरचा पाना जोर करून चालवला, की नटाचे कोपरे गोल होतात. प्रज्वलनासाठी ल्युकास कंपनीचे मॅग्नेटो असते. त्याच्या आतील गुंडाळी उष्णतेने दगा देऊ लागली, की गाडी थंड असताना उत्तम चालते आणि गरम झाल्यावर रस्त्यात उभी राहते. ती पुन्हा गुंडाळून देणारे कारागीर आता बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत. सुटे भाग ब्रिटनमधून मागवता येतात. तेथे या गाड्यांच्या मालकांचे जुने संघ आहेत, तसेच १९४६ मध्ये स्थापन झालेला 'व्हिंटेज मोटर सायकल क्लब' जुन्या नोंदी पाहून गाडीच्या निर्मितीच्या वर्षाचा दाखलाही देतो. तथापि, भागाची किंमत, टपालखर्च आणि सीमाशुल्क यांची बेरीज केल्यावर अनेकांचा उत्साह ओसरतो. संग्राहकासाठी, ज्याच्याकडे दुसरी रोजची गाडी आहे आणि वेळ आहे त्याच्यासाठी, 'एम-२०' किंवा 'जी-३ एल' यांसारखी गाडी नाही. ज्याला विट्याला जाऊन संध्याकाळी परत यायचे आहे, त्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

रेडिचची, पण मद्रासेत घडलेली

मग उरते ती बुलेट. तिला ब्रिटिश म्हणावे की नाही, यावर शौकिनांत वाद होतात. इतिहास मात्र स्पष्ट आहे. रॉयल एन्फिल्डची पहिली मोटारसायकल १९०१ मध्ये इंग्लंडमधील रेडिच येथे तयार झाली आणि 'बुलेट' हे नाव १९३२ मध्ये आले. आज आपण ओळखतो तो आराखडा १९४० च्या दशकाच्या अखेरचा. स्वतंत्र भारताच्या लष्कराला सीमेवरील गस्तीसाठी दणकट मोटारसायकल हवी होती आणि १९५० च्या दशकाच्या मध्यास ३५० सीसीच्या ८०० बुलेटची मागणी नोंदवली गेली. त्यातूनच १९५५ मध्ये 'एन्फिल्ड इंडिया' ही कंपनी मद्रास येथे उभी राहिली. सुरुवातीला विलायतेतून आलेल्या भागांची जोडणी होत असे. पुढे यंत्रसामग्री आली आणि १९६० च्या दशकाच्या प्रारंभापासून संपूर्ण गाडी येथेच तयार होऊ लागली. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला. मूळ ब्रिटिश कंपनी १९७० मध्ये संपली. मद्रासची बुलेट मात्र चालूच राहिली आणि १९७७ पासून ती ब्रिटनला निर्यात होऊ लागली. विलायती मोटारसायकल मद्रासहून विलायतेला! उलटी गंगा म्हणतात ती हीच.

या सातत्याचा मालकाला थेट लाभ होतो. जो आराखडा काही दशके फारसा न बदलता तयार होत राहिला, त्याचे सुटे भाग आजही मिळतात. पुण्याच्या नाना पेठेत, दिल्लीच्या करोलबागेत पिस्टन, रिंगा, क्लचप्लेट, केबल, पॅकिंगचा संच सहज हाती येतो. मूळ कंपनीचा भाग आणि नकली भाग यांतील फरक ओळखणे हा वेगळा विषय झाला. पण भागच मिळत नाही, ही वेळ जुन्या बुलेटवर क्वचितच येते.

विहिरीवरचे इंजिन आणि रस्त्यावरचे

सांगली, कोल्हापूर, सातारा या भागात बुलेट का रुजली, याची कारणे सांगताना सैन्य, पोलीस आणि पाटीलकी यांचा उल्लेख नेहमी होतो. सातारा जिल्हा तर फौजींचा. पण आणखी एक कारण आहे आणि ते आमच्या मते अधिक महत्त्वाचे आहे. या भागातील शेतकऱ्याने मोटारसायकलच्या आधी ऑइल इंजिन पाहिले होते. किर्लोस्करवाडीचे पंप, किर्लोस्करांची इंजिने, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील लेथ आणि ओतकामाचे कारखाने यांनी या टापूला यंत्राची भाषा शिकवली. विहिरीवरचे ते इंजिन एका सिलिंडरचे, जड फ्लायव्हीलचे, संथ ठोक्याचे. ते सुरू करताना आधी दाब सोडण्याचा खटका उचलायचा, हँडल मारून चाकाला गती द्यायची आणि मग खटका सोडायचा.

जुन्या बुलेटचे इंजिन याच घराण्यातील आहे. सिलिंडरचा व्यास ७० मि.मी. आणि पिस्टनचा पल्ला ९० मि.मी., म्हणजे ३४६ सीसी. पल्ला व्यासापेक्षा मोठा असल्याने आणि फ्लायव्हील जड असल्याने हे इंजिन कमी फेऱ्यांतच ओढ धरते. शक्ती जेमतेम १८ अश्वशक्ती, वजन दीडशे किलोंहून अधिक. आजच्या दीडशे सीसीच्या गाड्याही तिला सपाट रस्त्यावर मागे टाकतात. पण मागे माणूस आणि पुढे पोते घेऊन, तिसऱ्या गिअरमध्ये, चढावर ती ज्या शांतपणे चालते, ते पाहण्यासारखे असते. हँडलच्या डाव्या बाजूला दाब सोडण्याचा छोटा खटका असतो. विहिरीवर इंजिन चालवणाऱ्या माणसाला तो काय करतो हे सांगावे लागले नसेल. आणि ज्या फिटरने शेकडो ऑइल इंजिने उघडली, त्याला बुलेट उघडण्याचे भय वाटले नाही. 'फटफटी' हा शब्दही याच एका सिलिंडरच्या ठोक्याने मराठीला दिला आहे.

या नात्याचा पुढचा टप्पा म्हणजे डिझेल बुलेट. आधी लोकांनी स्वतःच बुलेटच्या सांगाड्यात छोटी डिझेल इंजिने बसवली. नंतर कंपनीनेही ग्रीव्हज-लोम्बार्डिनीचे ३२५ सीसीचे इंजिन असलेली 'टॉरस' बाजारात आणली. शक्ती साडेसहा अश्वशक्ती, वेग बेताचा, धूर आणि थरथर भरपूर. लिटरमागे अंतर मात्र असे कापायची, की डिझेल स्वस्त असलेल्या त्या काळात हिशेबी माणसाला ती भावली. प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि २००० च्या सुमारास ती बंद झाली. आज तिला दुर्मीळ म्हणून किंमत येते. पण रोजच्या वापरासाठी ती घेण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. तिच्या डिझेल पंपाचे काम जाणणारा कारागीर जवळ असेल, तर गोष्ट निराळी.

आधी कागद, मग किक

जुन्या गाडीचा सर्वांत महाग सुटा भाग म्हणजे तिचे कागद. इंजिन नवे करता येते, नोंदणी पुस्तक नव्हे. गाडी पाहायला जाताना विजेरी आणि जुने फडके बरोबर न्यावे. चॅसिसचा क्रमांक हँडलखालच्या नळीवर, तर इंजिनाचा क्रमांक सिलिंडरखालच्या क्रँककेसवर ठोकलेला असतो. ग्रीस पुसून दोन्ही क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी वाचावेत आणि नोंदणी पुस्तकाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावेत. अक्षरे वाकडी, घासलेली किंवा वेगवेगळ्या ठशांची दिसली, तर चहा घेऊन परत यावे. लष्कराच्या लिलावातून आलेल्या गाडीच्या बाबतीत लिलावाचा मूळ कागद आहे का, हे विचारणे आवश्यक आहे.

माणदेशात आणखी एक अडचण वारंवार दिसते. खानापूर-आटपाडी तालुक्यांतील असंख्य कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायानिमित्त देशभर पसरली आहेत. मुलगा केरळात किंवा तमिळनाडूत, वडिलांची बुलेट गावच्या घरी, आणि वडील हयात नाहीत. गाडी तशीच नातेवाइकांत फिरत राहते. कायद्याने नोंदणीकृत मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवणे आणि तीन महिन्यांच्या आत वारसाने नमुना क्रमांक ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज देणे अपेक्षित असते. हे वर्षानुवर्षे होत नाही. अशी गाडी अपघातात सापडली, तर विम्याचा दावा अडचणीत येतो आणि विकायची म्हटले, तर सर्व वारसांच्या सह्या गोळा करत फिरावे लागते. घरात अशी गाडी असेल, तर तिचे इंजिन उघडण्याआधी हे काम हाती घ्यावे. भाऊबंदांत एकोपा आहे तोवर सह्या मिळतात!

हयात मालकाकडून गाडी घेताना नमुना २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यातून किंवा दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीतून आणायची असल्यास नमुना २८ चे ना हरकत प्रमाणपत्र लागते. आटपाडीचा कारभार सांगलीच्या एमएच-१० खाली येतो. शेजारच्या साताऱ्याची एमएच-११, कराडची एमएच-५० आणि कोल्हापूरची एमएच-०९. ही पद्धत १९८९ नंतरची. त्यापूर्वीच्या गाड्यांवर जुन्या मालिकेची अक्षरे असतात आणि शौकीन मंडळी त्या जुन्या क्रमांकासाठी अधिक पैसे मोजतात.

पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात, हा समज चुकीचा आहे. पंधरा वर्षांनी नमुना २५ भरून, गाडी परिवहन कार्यालयात दाखवून नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घेता येते. त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीसाठी ३०० वरून १००० रुपये झाले आणि २० वर्षांहून जुन्या दुचाकीसाठी ते २०२५ मध्ये २००० रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांनाही उच्च सुरक्षा क्रमांकपाटी सक्तीची झाली आहे. नूतनीकरण न केलेल्या वर्षांचा दंड साचलेला असतो. तो कोण भरणार, हे व्यवहाराआधी ठरवावे.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये 'व्हिंटेज' वाहनांचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्यानुसार क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असलेली नोंदणी दहा वर्षांसाठी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आहे. आधीच नोंदणी झालेल्या गाडीला जुना क्रमांक कायम ठेवता येतो. गाडीचा सांगाडा आणि इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, ही अट आहे. मात्र एक मेख आहे. अशी गाडी प्रदर्शन, फेरी, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि देखभाल यांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज शेतावर किंवा कचेरीत न्यायची असेल, तर ही नोंदणी उपयोगाची नाही. म्हणूनच विलायती 'एम-२०' व्हिंटेज नोंदणीत शोभते, पण १९७० च्या दशकाच्या आरंभीची चालती बुलेट ज्याच्याकडे आहे, त्याने साध्या नूतनीकरणाचाच मार्ग धरावा.

कोणत्या काळातील बुलेट?

सर्व बुलेट सारख्या नव्हेत. रेडिचची किंवा मद्रासची पहिल्या काळातील गाडी हौसेची वस्तू आहे. तिचे काही भाग पुढच्या गाड्यांना बसत नाहीत. सहा व्होल्टच्या गाड्यांचा दिवा रात्री मिणमिणतो, त्यामुळे ज्याला अंधारात शेतावरून यायचे आहे, त्याने बारा व्होल्टची गाडी शोधावी. २००१ मध्ये आलेल्या 'इलेक्ट्रा'मध्ये इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन होते. त्यामुळे पॉइंट घासण्याची आणि अंतर लावण्याची कटकट गेली. पुढे २००८-०९ च्या सुमारास इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात असलेले नवे इंजिन आले आणि पाठोपाठ बिडाच्या सिलिंडरचे जुने इंजिन इतिहासजमा झाले. नवे इंजिन अधिक भरवशाचे, टॅपेट लावण्याची गरज नसलेले. परंतु जुन्या गाडीतील जे वेड आहे, ते त्यात कमी, असे जुन्या मंडळींचे म्हणणे. ज्याला पहिल्यांदाच जुनी गाडी पाळायची आहे, त्याच्यासाठी बिडाच्या इंजिनाची, बारा व्होल्टची, शेवटच्या वर्षांतील गाडी सर्वांत सोयीची ठरते. दिसायला तीच, त्रास निम्मा.

अस्सलपणाची खूण म्हणून शौकीन दिव्याच्या आवरणावरील दोन छोट्या मिचमिच्या दिव्यांकडे पाहतात. ते १९५४ पासूनचे. टाकीवरील सोनेरी रेघा कारखान्यात हाताने ओढलेल्या असत. एक गंमत अशी, की अनेक वर्षे टाकीवर नुसते 'एन्फिल्ड' असे नाव असे. आज त्याच गाड्यांवर हौसेने 'रॉयल एन्फिल्ड'ची पट्टी चिकटवलेली दिसते, म्हणजे अस्सल करण्याच्या नादात गाडी नकली केली जाते.

उजवा पाय, डावा पाय

जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी असतो. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. आजच्या गाड्यांची सवय असलेला माणूस संकटाच्या क्षणी उजवा पाय दाबतो. त्या वेळी ब्रेक लागत नाही, गिअर पडतो. प्रस्तुत प्रतिनिधीने हा धडा शेणाच्या ढिगात घेतला आहे. तेव्हा निर्मनुष्य रस्त्यावर आठ दिवस सराव केल्याशिवाय ही गाडी बाजारात नेऊ नये आणि सवय नसलेल्या मित्राला ती 'एक फेरी मारून ये' म्हणून कधीही देऊ नये.

किक मारण्याचेही शास्त्र आहे. पॉइंटच्या गाडीत चावी लावून किक सावकाश दाबत जावी आणि ॲम्पिअर दाखवणाऱ्या काट्याकडे पाहावे. पॉइंट जुळलेले असताना काटा एका बाजूला झुकतो. ते उघडले, की मध्यावर येतो. तेथे दाब सोडण्याचा खटका ओढून पिस्टन माथ्यावरून किंचित पुढे न्यावा, खटका सोडावा, किक पूर्ण वर येऊ द्यावी आणि मग शरीराचा भार टाकून एकच सलग किक मारावी. घाईने, अर्धवट मारलेली किक उलटी बसते. तिने पोटरी आणि घोटा दुखावलेली माणसे या भागात कमी नाहीत. शक्तीपेक्षा रीत महत्त्वाची असल्याने सडपातळ अंगाची माणसेही ही गाडी लीलया सुरू करतात आणि पैलवान घामाघूम होतात.

तेल, धूळ आणि उसाचा अर्क

निगा राखण्याची बहुतेक कामे घरी करता येतात. पॉइंटचे अंतर ०.३५ ते ०.४० मि.मी. ठेवावे. टॅपेट इंजिन थंड असताना, दाबाच्या वेळी पिस्टन माथ्यावर आणूनच लावावेत. सळई बोटांनी सहज फिरावी, मात्र वर-खाली हलता कामा नये, हे त्याचे साधे परिमाण. इंजिनाचे तेल, प्राथमिक चेनच्या आवरणातील तेल आणि गिअरबॉक्समधील वंगण हे तीन वेगवेगळे कप्पे आहेत, हे अनेक नव्या मालकांना ठाऊकच नसते. एकात तेल घालतात आणि बाकीचे दोन कोरडे पडतात. चेनचे बाहेरचे आवरण मध्यभागी एकाच मोठ्या नटाने धरलेले असते. गळती थांबवण्यासाठी तो नट आवळत राहिल्यास आवरण वाकते आणि गळती वाढते. रबरी सील बदलणे हाच उपाय. बुलेट तेल गाळत नसेल तर तिच्यात तेल नसेल, असा विनोद गॅरेजमध्ये ऐकू येतो. तो विनोद म्हणून ठीक आहे. थेंब आणि धार यांतला फरक मालकाने ओळखला पाहिजे.

माणदेशची हवा कोरडी आणि धूळ बारीक. टेंभूचे पाणी आल्याने डाळिंबाच्या बागा बहरल्या, तरी बागांकडे जाणारे रस्ते मातीचेच आहेत. हवा गाळणारी जाळी येथे पुस्तकात लिहिले आहे त्याहून लवकर साफ करावी लागते. देखणी दिसते म्हणून जाळी काढून उघडा कार्बोरेटर ठेवण्याची फॅशन आहे. ती सिलिंडर आणि रिंगांचा काळ ठरते. इंजिन हवेने थंड होते, म्हणून उन्हाळ्यात उभ्या जागी ते फार वेळ चालू ठेवू नये.

नवी चिंता पेट्रोलची आहे. शिसेविरहित पेट्रोल २००० मध्ये देशभर आले, तेव्हा बिडाच्या हेडच्या जुन्या विलायती इंजिनांच्या व्हॉल्व्हची बैठक झिजण्याचा प्रश्न उभा राहिला होता. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाते. हे इथेनॉल मोठ्या प्रमाणात उसापासून होते, म्हणजे सांगली-कोल्हापूरच्या शेतातला ऊस आमच्याच जुन्या बुलेटच्या टाकीत येतो. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे भाग या मिश्रणाला टिकतील असे बनवलेले असतात. जुन्या गाड्यांचे नाहीत. इथेनॉल जुने रबर फुगवते, हवेतील पाणी शोषते आणि टाकी आतून गंजवते. उपाय अवघड नाहीत. पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरमधील रबरी भाग नव्या प्रकारचे बसवावेत. गाडी पंधरा दिवसांहून अधिक काळ उभी राहणार असेल, तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे. मिश्रण पातळ होऊन इंजिन अधिक तापत असेल, तर जाणत्या कारागिराकडून मोठ्या छिद्राची जेट बसवून घ्यावी. सर्वांत सोपा उपाय म्हणजे गाडी चालवत राहणे. उभ्या गाडीला इथेनॉल खाते, चालत्या गाडीला कमी.

राहता राहिला आवाज. जाळ्या काढलेले सायलेन्सर लावून गावभर फिरणे हा बुलेटप्रेमाचा पुरावा नव्हे. मोटार वाहन कायद्यानुसार गाडीत असे फेरफार करता येत नाहीत आणि राज्यात अनेक शहरांच्या पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोलरखाली चिरडले आहेत. जुन्या बुलेटचा ठोका लांब पल्ल्याच्या पिस्टनमधून आणि जड फ्लायव्हीलमधून येतो. मूळ सायलेन्सर लावूनच तो ऐकावा. ब्रेक, दिवे आणि प्रज्वलन यांत सुधारणा करण्यास आमचा विरोध नाही. जुने ब्रेक आजच्या रहदारीला अपुरे आहेत. फक्त काढलेला प्रत्येक मूळ भाग पिशवीत घालून, चिठ्ठी लावून जपून ठेवावा.

शेवटी भाव ठरवण्यापूर्वी गाडी फिरवून पाहावी, आणि ती मुख्य पेठेत नव्हे. आटपाडीहून सांगलीच्या वाटेवर खरसुंडी ओलांडली, की पुढे भिवघाटाकडे रस्ता चढू लागतो. तेथे तिसऱ्या गिअरमध्ये, पाव थ्रॉटलवर गाडी ओढू द्यावी. खडखड ऐकू येते का, गिअर आपोआप सुटतो का, मागून निळा धूर निघतो का, ते पाहावे. वर पोहोचल्यावर इंजिन बंद करून खाली कागद पसरावा आणि चहा घ्यावा. पंधरा मिनिटांनी कागदावर किती थेंब आणि कोठल्या बाजूला पडले, ते मोजावे. मग त्याच गरम इंजिनाला किक मारावी. थंड गाडी कोणीही सुरू करून दाखवतो. गरम गाडी तिसऱ्या किकेलाही बोलली नाही, तर भावाची बोलणी नव्याने सुरू करण्यास हरकत नाही.